ताठ कणा थोडा वाकवा: वयस्क माजी सैनिकांसाठी मणक्याच्या स्टेनोसिसवर शस्त्रक्रियेविना उपचार

दहा मिनिटं चाललं की पाय शिशासारखे जड होतात. कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत ओढ बसते, मुंग्या येतात. कुठेतरी बसलं किंवा कठड्यावर हात टेकून पुढे वाकलं की दोन-चार मिनिटांत सगळं उतरतं. पुन्हा चालू लागलं की पुन्हा तेच. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाची ही तक्रार असेल, तर कमरेच्या मणक्यांतली नळी अरुंद झाली असण्याची, म्हणजे लंबर कॅनॉल स्टेनोसिसची शक्यता बरीच असते.

हा लेख खास माजी सैनिकांसाठी लिहिण्यामागे कारण आहे. पाठ ताठ ठेवायची आणि दुखलं तरी थांबायचं नाही, या दोन गोष्टी सैन्याच्या नोकरीत अंगात इतक्या मुरतात की त्या सवय न राहता स्वभाव होतात. या आजारात मात्र त्या दोन्ही उलट्या पडतात. छाती पुढे काढून ताठ उभं राहिलं की नळी आणखी आवळते. दात-ओठ खाऊन चालत राहिलं तर दबलेल्या नसा आणखी चिडतात. शस्त्रक्रियेविना सुधारायचं असेल तर योग्य वेळी वाकायला आणि दुखायच्या आधी थांबायला शिकावं लागतं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच दोन गोष्टींभोवती फिरतात.

सुरुवातीलाच एक धीराची गोष्ट. सौम्य ते मध्यम स्टेनोसिस असलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश ते निम्म्या लोकांचं दुखणं शस्त्रक्रिया न करताही आटोक्यात राहतं. एकाएकी पाय लुळे पडण्यासारखी घसरण क्वचितच होते. त्यामुळे नीट प्रयत्न करून पाहायला बहुतेकांकडे वेळ असतो.

आत नेमकं काय होतं

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. त्याच्या खाली नळीतून नसांचा जुडगा उतरतो, घोड्याच्या शेपटीसारखा. वय वाढतं तशा मणक्यांमधल्या गाद्या चपट्या होऊन मागे फुगतात, मागचे छोटे सांधे झिजून त्यांना हाडाची वाढ येते आणि नळीच्या मागच्या भिंतीवरचा पिवळसर पट्टा जाड होतो. तिन्ही बाजूंनी जागा कमी होत जाते. चौथ्या आणि पाचव्या कटिमणक्यांमध्ये हे सर्वांत जास्त दिसतं. हेंक व्हर्बिएस्ट या डच न्यूरोसर्जननी १९५४ साली या दुखण्याचं सविस्तर वर्णन केलं. नळीचा पुढून मागे मोजलेला व्यास १० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ती खरोखर अरुंद मानायची, हे मापही त्यांच्याच कामातून आलं.

मुख्य कारण वय हेच. त्यात पाठीवर ओझं घेऊन केलेली वर्षानुवर्षांची कूच, उंचावरून मारलेल्या उड्या, खडबडीत रस्त्यावर गाडीत बसलेले दणके आणि जुने मार यांची भर पडू शकते.

उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की नळीची रुंदी दिवसभर सारखी नसते. ताठ उभं राहिलं किंवा मागे झुकलं की तो जाड पट्टा दुमडून नळीत घुसतो. पुढे वाकलं की तो ताणला जातो आणि जागा होते. चालताना नसांना जास्त रक्त लागतं, पण दाबामुळे ते पुरत नाही, म्हणून पाय भरून येतात. बसल्यावर दाब उतरतो आणि रक्त पुन्हा वाहू लागतं. दोन मिनिटांत आराम पडतो तो यामुळे. म्हणूनच सामानाची ट्रॉली ढकलताना बरं वाटतं, सायकल चालवता येते, चढ चढणं उतारापेक्षा सोपं जातं. चढावर माणूस आपोआप पुढे झुकतो, उतरताना मागे रेलतो.

पहिली पायरी: दुखणं याचंच आहे ना?

पाय दुखण्याची कारणं अनेक असतात आणि सत्तरीच्या माणसात दोन-तीन एकत्र नांदू शकतात. व्यायाम सुरू करण्याआधी ती वेगळी काढायला हवीत.

पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या भरून येतात. पण तिथे नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो, वाकावं लागत नाही. सायकलवर मात्र त्रास होतो, कारण वाकून बसलं तरी स्नायूंना रक्त लागतंच. सिगारेट, मधुमेह, रक्तदाब यांचा इतिहास असेल तर पावलांवरची नाडी डॉक्टरांकडून तपासून घ्या. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाची तुलना करणारी साधी चाचणीही असते.

खुब्याचा सांधा झिजला असेल तर दुखणं जांघेत येतं आणि मोजे घालताना पाय वर घेणं अवघड होतं. मधुमेहाने नसा खराब झाल्या असतील तर दोन्ही तळव्यांची आग होते. ती चालण्यावर अवलंबून नसते, उलट रात्री अंथरुणात वाढते. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं घेत असाल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासा. ते कमी पडलं तरी पायांना मुंग्या येतात, आणि ते भरून काढणं सोपं असतं.

मानेतली नळी अरुंद असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. शर्टाची बटणं लावताना बोटं चुकतात, अक्षर बिघडतं, चालताना तोल जातो, पाय ताठरल्यासारखे पडतात. असं काही असेल तर या लेखातले व्यायाम करू नका, आधी मानेची तपासणी करा. मानेत मज्जारज्जूच दबलेला असतो आणि तिथे वाट पाहणं महागात पडतं.

आणि पुढची लक्षणं दिसली तर एक दिवसही न थांबता रुग्णालय गाठा: लघवी अचानक अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा सुटणं, बसण्याच्या जागी आणि जननेंद्रियांभोवती बधिरपणा, पायातली शक्ती झपाट्याने जाणं. पाऊल वर उचलता न येणं हेही तातडीचंच. वयस्क पुरुषांना प्रोस्टेटमुळे लघवीचा त्रास असतोच, त्यामुळे हे लक्षण त्या खात्यात टाकून मोकळं होण्याचा मोह होतो. हळूहळू वाढलेला त्रास प्रोस्टेटचा असू शकतो, पण अचानक झालेला बदल आणि त्याच्या जोडीला बधिरपणा असेल तर ती आणीबाणी समजा. ताप, कारण नसताना घटलेलं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, नुकतंच पडणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

एमआरआयबद्दल दोन गोष्टी

अंगात कुठेही गोळीचा, बॉम्बच्या कपचीचा किंवा धातूचा तुकडा राहिला असेल, किंवा तशी नुसती शंका असेल, तरी एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी स्पष्ट सांगा. चाळीस वर्षांपूर्वीची जखम भरून आली म्हणून माणूस विसरतो, पण चुंबक विसरत नाही. डोळ्याजवळचा तुकडा विशेष धोक्याचा, आधी एक्स-रे काढून खात्री करतात. पेसमेकर आणि कानातल्या इम्प्लांटचंही तसंच. एमआरआय शक्य नसेल तर सीटी स्कॅनवर काम भागवता येतं.

दुसरी गोष्ट रिपोर्टच्या भाषेची. ‘सिव्हिअर’ हा शब्द वाचून अनेकजण तिथेच हाय खातात. १९९० साली एका अभ्यासात पाठीचा काहीही त्रास नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले, तर साठीपुढच्या २१ टक्के लोकांत स्टेनोसिस आणि ३६ टक्के लोकांत सरकलेली गादी सापडली. चित्र किती वाईट दिसतं आणि माणसाला किती त्रास होतो, यांचा मेळ बरेचदा बसत नाही. उपचार तुमच्या चालण्यावर ठरवायचे, फिल्मवर नाही.

दुसरी पायरी: एक वही घाला

औषध आणि व्यायाम दोन्ही सुरू करण्याआधी एक आठवडा फक्त नोंदी करा. सपाट जागी नेहमीच्या वेगाने चाला. किती मिनिटांनी पायात पहिली जाणीव झाली, किती मिनिटांनी थांबावंच लागलं, बसल्यावर किती वेळात उतरलं, हे तीन आकडे रोज लिहा. जोडीला न टेकता किती वेळ उभं राहता येतं तेही.

दुखण्याला शून्य ते दहापैकी आकडा देण्यापेक्षा मी या मिनिटांना जास्त मोल देते. दुखणं सांगताना सैनिक हातचं राखून सांगतो. ‘ठीक आहे, चालतंय’ म्हणतो आणि त्याच आठवड्यात त्याने बाहेर जाणं बंद केलेलं असतं. मिनिटं खोटं बोलत नाहीत. सहा आठवड्यांनी उपचाराचा उपयोग होतोय का हे ठरवताना याच पानांकडे पाहायचं आहे.

तिसरी पायरी: दिवसभराची ठेवण बदला

उभं राहून काम करायचं असेल तर एक पाय सहा-आठ इंच उंच पाटावर किंवा पायरीवर ठेवा, दर काही मिनिटांनी पाय बदला. त्याने कमरेचा बाक कमी होतो. ओट्याशी किंवा बेसिनपाशी उभं राहताना कोपर टेका. वरच्या फळीवरच्या वस्तू खाली आणून ठेवा, कारण हात उंच करून वर बघताना कंबर मागे वाकते.

झोपताना कुशीवर, गुडघे पोटाकडे घेऊन, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी. उताणं झोपायचं तर गुडघ्यांखाली जाड उशी. पालथं झोपणं सोडा.

वॉकर किंवा चाकांचा रोलेटर घ्यायला बहुतेकांचा जीव तयार होत नाही. परेडला उभं राहिलेल्या माणसाला तो पराभव वाटतो. पण ज्याला काठीशिवाय दहा मिनिटं चालता येतं आणि रोलेटर घेऊन तीस, त्याने रोलेटर घेतला तर त्याच्या पायांत जास्त ताकद राहते. बसायची पट्टी असलेला रोलेटर घ्या आणि त्याची मूठ नेहमीपेक्षा किंचित खाली ठेवा, म्हणजे शरीर जरासं पुढे झुकेल. अगदी दुमडून जाण्याइतकी नको. काठी मात्र फारशी मदत करत नाही, कारण ती माणसाला ताठच ठेवते. तोल सावरायला तिचा उपयोग आहे.

चौथी पायरी: व्यायाम

आधी एक इशारा. हाडं ठिसूळ झाली असतील, मणका पूर्वी दबलेला असेल किंवा बरीच वर्षं स्टेरॉइड घेतली असतील, तर पाठ जोराने पुढे वाकवणारे व्यायाम धोक्याचे ठरतात. हाडांची घनता तपासून, फिजिओथेरपिस्टला विचारूनच पुढे जा.

दुसरा इशारा जुन्या कागदाचा. तरुणपणी गादी सरकली तेव्हा मिळालेला व्यायामाचा कागद अनेकांनी जपून ठेवलेला असतो. पालथं झोपून हातांवर छाती उचलणं हा त्यातला ठरलेला व्यायाम. स्टेनोसिसमध्ये तोच नळी आवळतो. भुजंगासन, धनुरासन, उष्ट्रासन, चक्रासन आणि मागे झुकण्याच्या सगळ्या हालचाली याच कारणासाठी टाळायच्या. उताणं पडून झटक्याने उठून बसण्याच्या जुन्या पीटीतल्या बैठकाही नकोत.

हे करा, दिवसातून दोनदा, पक्क्या गादीवर किंवा सतरंजीवर.

१. उताणं झोपा, गुडघे वाकवा. पोट हलकेच आत घेऊन कंबर जमिनीला टेकवा. पाच सेकंद धरा, श्वास चालू ठेवा. दहा वेळा. ही हालचाल पुढच्या सगळ्या व्यायामांचा पाया आहे, त्यामुळे पहिला आठवडा फक्त हीच जमवलीत तरी चालेल.

२. एक गुडघा छातीकडे ओढा, २० सेकंद धरा, तीन वेळा. मग दुसरा. जमल्यावर दोन्ही एकत्र. गुडघा बदललेला असेल तर हात गुडघ्यावर न ठेवता मांडीच्या मागे धरा.

३. पलंगाच्या कडेला उताणं झोपा. एक गुडघा छातीशी घट्ट धरून ठेवा आणि कडेकडचा दुसरा पाय पलंगाबाहेर सैल सोडा. जांघेच्या पुढे ताण जाणवेल. ३० सेकंद, दोन-तीन वेळा. वर्षानुवर्षं बसून राहिल्याने जांघेतले स्नायू आखडतात आणि उभं राहिल्यावर कमरेला पुढे खेचून बाक वाढवतात. गुडघा छातीशी धरलेला असल्यामुळे ताण देताना कंबर मागे वाकत नाही. बहुतेक लोक हा व्यायाम गाळतात. माझ्या मते सर्वांत जास्त फायदा त्याचाच होतो.

४. उताणं झोपून गुडघे वाकवा. पाठ टेकवून, मगच नितंब चार-पाच इंच वर उचला. कंबर कमानीसारखी होऊ देऊ नका. आठ ते दहा वेळा.

५. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठा आणि सावकाश बसा. आठ ते दहा वेळा, दोन फेऱ्या. सुरुवातीला खुर्चीत उशी ठेवून उंची वाढवा. पाठीला कितीही आराम पडला तरी मांड्यांत दम नसेल तर चालणं वाढत नाही.

६. खुर्चीत बसून पाय फाकवा आणि हात नडग्यांवरून खाली सरकवत पुढे वाका. दहा-पंधरा सेकंद, पाच वेळा. हळू उठा, नाहीतर चक्कर येईल. काचबिंदू असेल तर डोकं खाली नेऊ नका.

७. शेवटी ओट्याला हात लावून एका पायावर उभं राहण्याचा सराव. पडण्याची भीती असेल तर मागे कुणीतरी हवंच.

व्यायाम करताना पाठीत ओढ बसली तर चालेल. पायात कळ किंवा मुंग्या खाली उतरू लागल्या तर तो व्यायाम तिथेच थांबवा.

कृत्रिम पाय वापरत असाल तर पाठीच्या व्यायामाआधी सॉकेट आणि पायाची लांबी तपासून घ्या. अर्ध्या इंचाचा फरकही प्रत्येक पावलागणिक कमरेवर पडतो. तोफखान्यात किंवा इंजिनांजवळ नोकरी करून ऐकू कमी येत असेल तर फिजिओथेरपिस्टकडून सूचना लिहूनच घ्या, गटातल्या वर्गात मागून दिलेली सूचना अर्धवट ऐकून चुकीचा व्यायाम होतो.

घरी करणं बरं की देखरेखीखाली? २०१९ साली ८६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे फिजिओथेरपिस्टकडे जाणाऱ्यांची लक्षणं आणि चालणं फक्त घरी व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलं. त्याच वर्षी साठीपुढच्या २५९ रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात हाताने सांधे-स्नायू मोकळे करणं आणि व्यक्तीनुरूप व्यायाम यांची जोड दोन महिन्यांच्या टप्प्यावर औषधोपचार आणि गटातला व्यायाम या दोन्हींपेक्षा सरस ठरली. सहा महिन्यांनी मात्र तिन्ही गटांत फरक उरला नाही. यावरून मी इतकंच घेते की सुरुवातीचे सहा आठवडे माणसाच्या हाताखाली शिका, आणि नंतर सोडू नका. कमरेला जोराचा झटका देऊन ‘मणका बसवणाऱ्या’ कुणाकडेही या वयात जाऊ नका.

पाचवी पायरी: चालणं, पण ठरावीक मात्रेत

इथे शिस्तीचा माणूस सर्वांत जास्त चुकतो. काल आठ मिनिटं झाली, आज दहा करायचीच, पाय ओरडले तरी. हे थांबवा.

वहीतला पहिला आकडा काढा, म्हणजे पायात जाणीव सुरू होण्याचा. समजा तो आठ मिनिटं आहे. त्याच्या तीन चतुर्थांश वेळ, म्हणजे सहा मिनिटं चाला आणि काहीच होत नसताना बसा. पुढे वाकून दोन-तीन मिनिटं बसा. पुन्हा सहा मिनिटं. अशा तीन ते चार फेऱ्या. एका दमात दहा मिनिटं चालून कोसळणाऱ्याच्या तुलनेत तुमची दिवसभरात अठरा-चोवीस मिनिटं होतात, तीही नसा न चिडवता. आठवडाभर हे सुरळीत झालं की प्रत्येक फेरीत एक मिनिट वाढवा. त्रास झाला तर एक पायरी मागे या, बंद करू नका.

बसायला जागा असलेला रस्ता निवडा. ट्रेडमिल असेल तर पट्टा किंचित चढा ठेवा आणि दांडी हलकी धरा. पावसाचे दिवस, किंवा चालणं अजिबात जमत नाही असे दिवस, यांसाठी स्थिर सायकल उत्तम. हँडल थोडं पुढे असू द्या, दहा मिनिटांपासून सुरू करा. छातीभर पाण्यात चालणंही बऱ्याच जणांना झेपतं, कारण पाणी वजन उचलून धरतं.

गोळ्या

गोळ्यांकडून अपेक्षा बेताची ठेवा. कुठलीच गोळी नळी रुंद करत नाही.

पॅरासिटामॉल सौम्य असलं तरी या दुखण्यावर त्याचा परिणाम तोकडा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या दुखणं उफाळलं की चार-पाच दिवस घेता येतात, पण मूत्रपिंड, हृदय, रक्तदाब आणि पोट यांचा विचार करून, डॉक्टरांना विचारूनच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत त्या रक्तस्राव घडवू शकतात.

प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन ‘नसेच्या गोळ्या’ म्हणून सर्रास लिहून दिल्या जातात. २०१५ साली स्टेनोसिसच्या रुग्णांना प्रीगॅबालिन देऊन ट्रेडमिलवर चालवून पाहिलं, तेव्हा तुलनेच्या गोळीपेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही. गुंगी आणि तोल जाणं हे मात्र या गोळ्यांचे नेहमीचे परिणाम, आणि सत्तरीत पडणं म्हणजे खुबा मोडणं. आधीपासून घेत असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवा. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांबाबतही हीच धास्ती.

ओपिऑइड गटातल्या, म्हणजे अफूच्या जातीच्या तीव्र वेदनाशामक गोळ्यांबद्दल बोलायचं तर माजी सैनिकांवरच झालेला एक अभ्यास आहे. अमेरिकेत माजी सैनिकांसाठीच्या सरकारी दवाखान्यांतले २४० रुग्ण घेतले, जुनाट पाठदुखी किंवा खुबा-गुडघ्याचं झिजेचं दुखणं असलेले. अर्ध्यांना ओपिऑइड, अर्ध्यांना इतर औषधं, बारा महिने. २०१८ मध्ये निष्कर्ष आला: हालचालीच्या क्षमतेत फरक नाही, दुखणं ओपिऑइड न घेणाऱ्यांचंच किंचित कमी, आणि दुष्परिणाम ओपिऑइडवाल्यांना जास्त. त्या गोळ्यांच्या वाटेला न जाण्यासाठी मला एवढं पुरेसं वाटतं.

२०२१ च्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनी औषधांपैकी फक्त ड्युलोक्सेटिनच्या गटातल्या किंवा ट्रायसायक्लिक गटातल्या औषधांचा (दोन्ही मुळात नैराश्यावरची) प्रयोग करून पाहायला हरकत नाही असं म्हटलं, आणि मुख्य भर समजावणं, व्यायाम आणि हाताने केलेल्या उपचारांवर ठेवला. ट्रायसायक्लिक औषधांनी लघवी अडू शकते आणि काचबिंदू बिघडू शकतो, तेव्हा प्रोस्टेट व डोळ्यांचा इतिहास आधी सांगा.

पाठीतलं इंजेक्शन आणि पट्टे

मणक्याच्या नळीत स्टेरॉइडचं इंजेक्शन हा बहुतेकांचा पहिला प्रश्न. २०१४ साली ४०० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात अर्ध्यांना भुलीचं औषध आणि स्टेरॉइड दिलं, अर्ध्यांना फक्त भुलीचं औषध. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत जवळपास फरक नव्हता. म्हणून नेमाने दर काही महिन्यांनी इंजेक्शन घेत राहणं मला पटत नाही. एकाच पायात नसेची तीव्र कळ असेल आणि त्यामुळे व्यायामच सुरू करता येत नसेल, तर थोड्या दिवसांची सवड मिळवायला एखादं घेता येतं. मधुमेह असेल तर साखर काही दिवस चढेल हे धरून चाला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याचं आधी सांगा, ती स्वतःहून बंद करू नका.

कमरेचा पट्टा लांबच्या चालण्यापुरता वापरला तर हरकत नाही, दिवसभर नको. ट्रॅक्शनवर, म्हणजे वजन लावून कंबर ताणण्यावर, पैसे आणि दिवस घालवू नका.

जे बोललं जात नाही

युद्धातल्या किंवा धुमश्चक्रीतल्या आठवणी रात्री झोपू देत नसतील तर पाठीचं दुखणंही वाढतं. झोप तुटलेली असली की मेंदू तीच कळ जास्त मोठी करून दाखवतो. हा मनाचा कमकुवतपणा नाही, मज्जासंस्थेचं काम तसं चालतं. पाठीच्या डॉक्टरांनाही हे सांगा, कारण त्यामुळे औषधांची निवड बदलते. आघातोत्तर ताणासाठी समुपदेशन आणि झोपेसाठीची वर्तनोपचार पद्धत उपलब्ध असेल तर ती पाठीच्या उपचारांचाच भाग समजून घ्या.

योगाबद्दल नेहमी विचारलं जातं. जुनाट कंबरदुखी असलेल्या १५० माजी सैनिकांवर अमेरिकेतल्या सॅन दिएगोमध्ये अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. योगवर्गाला गेलेल्यांची हालचालीतली अडचण सहा महिन्यांनी जास्त कमी झाली होती. तो अभ्यास एकूण कंबरदुखीचा होता, निव्वळ स्टेनोसिसचा नव्हे. शिक्षकाला आधीच सांगा की मागे झुकायचं नाही, आणि खुर्चीचा आधार मागा.

घरच्यांसाठी एक विनंती. बाबा किंवा आजोबा वाकून चालतात म्हणून ‘ताठ चाला’ असं मागून ओरडू नका. ते वाकतात कारण तसं केल्यावरच त्यांना चालता येतं.

किती दिवस, आणि शस्त्रक्रियेचा विचार केव्हा

सहा आठवड्यांनी वही उघडा. चालण्याची मिनिटं वाढली असतील तर तेच पुढे चालू ठेवा. तीन महिने मनापासून करूनही आकडे तिथेच असतील, घरातल्या घरातही बसत-बसत फिरावं लागत असेल, किंवा पायातली शक्ती कमी होत असेल, तर सर्जनशी बोला. तोवर थांबल्याने सहसा काही बिघडलेलं नसतं.

२०१५ साली १६९ रुग्णांवर शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी यांची थेट तुलना झाली. दोन वर्षांनी शारीरिक क्षमतेत दोन्ही गट सारखेच होते. पण फिजिओथेरपीच्या गटातल्या ५७ टक्के लोकांनी मध्येच शस्त्रक्रिया करून घेतली होती, हेही तितकंच खरं. म्हणजे व्यायामाने सगळ्यांचं भागत नाही. ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी दाबलेली जागा मोकळी करणारी शस्त्रक्रिया हा चांगला मार्ग आहे आणि आधी केलेल्या व्यायामाने मांड्या-पोट मजबूत झालेले असल्याने उठून चालणंही सोपं जातं.

सर्जनकडे जाताना फिल्मच्या आधी वही समोर ठेवा. पहिल्या पानावर जुन्या जखमा, अंगातले धातूचे तुकडे आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या. मधल्या पानांत मिनिटांचे आकडे. शेवटच्या पानावर तुमचे प्रश्न: नेमकी कुठली पातळी दाबली आहे, माझा त्रास पायाचा आहे की कमरेचा, नुसती नळी मोकळी करणार की स्क्रूही बसवणार, आणि काहीच केलं नाही तर पुढच्या वर्षभरात काय होईल. पायाचं दुखणं या शस्त्रक्रियेने जसं सुधारतं तसं निव्वळ कंबरेचं सुधारत नाही, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नका.